काळा उतरला तो रविवार

आईनं खुर्चीत बसून डोक्यावरचा रुमाल सोडला, त्याची चौघडी करून मांडीवर ठेवली आणि आरशात न बघताच म्हणाली, "हा सगळा काळा रंग काढ. आणि मग गुलाबी कर."

व्हिबेकेच्या हातातला कंगवा तसाच राहिला. "काय कर?"

"गुलाबी. भडक नको. शिंपला उघडला की आत असतो तसा, असून नसल्यासारखा. बेकरीतल्या त्या पोरीचे आहेत ना, तसे. तूच केलेस म्हणाली ती."

"मीच केलेत. पण आई, ती एकोणीस वर्षांची आहे."

"मग माझ्यापेक्षा तिला कसली घाई होती?"

भिंतीजवळच्या बाकावर रिगमोर मावशी, आईची थोरली बहीण, थर्मासमधून कॉफी ओतत होती. तिनं कप खाली ठेवला. "थिरा, तुझं डोकं फिरलंय. उद्या नवऱ्याची राख समुद्रात सोडायची आणि तू केस गुलाबी करणार? अर्धं गाव धक्क्यावर उभं असेल."

"म्हणून तर आज आले. उद्या वेळ कुठला?"

व्हिबेकेनं दाराला आतून कडी घातली. रविवार होता, तिच्या केस कापायच्या दुकानाला सुट्टी. थिबोरॉनच्या बंदरात सगळ्या बोटी बांधलेल्या होत्या आणि उत्तर समुद्रावरून नेहमीसारखं वारं येत होतं. आई आपल्या दुकानात, आपल्या खुर्चीत बसली आहे, हेच व्हिबेकेला अजून पचत नव्हतं. गुलाबीचं पुढचं पुढे.

अकरा वर्षं झाली होती. याच खुर्चीत आईच्या केसांच्या मुळांना काळा लावता लावता ती बोलून गेली होती, "राहू दे ना आता पांढरे. एस्बेन म्हणजे काय डाग होता का, दर महिन्याला झाकायला?" खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसलेले बाबा उठले. एक शब्द न बोलता त्यांनी आईचा कोट आणला, रंग लावलेल्या डोक्यावर टॉवेल गुंडाळला आणि तिला घेऊन गेले. तेव्हापासून दर चौथ्या शनिवारी बाबाच तिचे केस रंगवायचे, घरी, स्वयंपाकघरातल्या बेसिनपाशी. व्हिबेके नाताळला जायची, वाढदिवसांना जायची, बटाटे सोलायची, भांडी पुसायची. आईच्या केसांना मात्र तिनं पुन्हा हात लावला नव्हता.

एस्बेन भावंडांत सगळ्यांत थोरला. चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत बाबांच्या बोटीवरून लाटेनं नेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. सापडला नाही. त्या एका हिवाळ्यात आईचे केस पांढरेशुभ्र झाले, आणि वसंतात ते काळे झाले. त्यावर घरात कधी कुणी बोललं नाही.

तिनं आता केसांत बोटं घातली. मागच्या बाजूला मुळाशी पाच बोटं पांढरे, पुढं खांद्यापर्यंत काळे. बाबा आजारी पडल्यापासून कुणी रंगवलेच नसणार. भांगापाशी आणि कानशिलांवर मात्र काहीतरी वेगळं होतं. तिथं पांढरे तीनच बोटं होते आणि त्यापुढचा रंग धड काळाही नव्हता. जुन्या भांड्यावर चढतो तसा हिरवट, मेलेला.

"आई, यात आजवर काय काय लावलंय?"

"दुकानात मिळते ती डबी. काळी."

"तेवढंच?"

"तेवढंच." आई जरा लवकरच बोलली.

"पस्तीस वर्षांचा काळा तू एका दिवसात काढणार?" मावशीनं विचारलं.

"केसात पस्तीस वर्षं नसतात, मावशी. एवढ्या लांबीत फार तर तीन. बाकीची केव्हाच कापली गेली."

"मग हीपण काप. मुळाशी पांढरे आलेतच. दहा मिनिटांचं काम."

"कापायचं नाही," आई म्हणाली. "कापायचं असतं तर घरात कात्री होती. मला काढायचाय."

व्हिबेकेनं स्टूल ओढून तिच्यासमोर बसत सांगितलं, "मग ऐक. काळ्यावर गुलाबी बसत नाही. खाली कोरं लागतं. आधी रंग सैल करून धुवायचा. तरी लालसर राहतो. मग तो ब्लीचनं उजळायचा, थोडा थोडा, केळीच्या सालीच्या आतल्या बाजूइतका फिका होईपर्यंत. तेव्हा कुठं गुलाबी. दिवस जाईल. केस तुटतीलही."

"दिवस आहे माझ्याकडे."

व्हिबेके आतल्या खोलीतून काचेच्या तीन वाट्या घेऊन आली. तिन्हीत पेरॉक्साइड घातलं, वर अमोनियाचे थेंब टाकले. मानेवरून, कानामागून आणि भांगापासून अशा तीन बारीक बटा कापून एकेका वाटीत सोडल्या. अनोळखी डोक्याला ब्लीच लावण्याआधी ती हे नेहमी करायची. आईचं डोकं आता तिला अनोळखीच होतं.

मानेवरची बट शांत पडून राहिली. कानामागचीही. भांगाच्या वाटीत आधी बारीक बुडबुडे आले. मग वाटी खदखदू लागली. व्हिबेकेनं बोट लावलं आणि झटकन काढलं. काच चहाच्या कपासारखी तापली होती. जळका वास सुटला, धुराची एक बारीक रेघ वर गेली, आणि चिमट्यानं तिनं केस उचलले तेव्हा त्यांचा लगदा झाला होता.

"अगं बाई," मावशी म्हणाली.

 शिकत असताना शिक्षिकेनं मुद्दाम दाखवलं होतं तेवढंच, नंतर वीस वर्षांत हे तिच्यासमोर घडलं नव्हतं. "यात धातू आहे. शिसं, नाहीतर चांदी. हा डबीतला रंग नाही, आई. बाबा स्वतःच्या केसांना कंगव्यानं लावायचे ना, ते पाणी आहे हे. न तपासता ब्लीच लावलं असतं तर तुझा टाळू भाजला असता!"

आई मांडीवरच्या रुमालाची घडी उलगडून पुन्हा घालत होती.

"तुला विचारलं तरी होतं का त्यांनी? का दिलं बाटलीतलं ओतून? स्वतःला जे बघवत नाही ते पुसायचं, कशानंही पुसायचं!"

दारावर थाप पडली.

*

बहिणीच्या या बायकांच्या दुकानात आलं की हेनिंगला आपले खांदे उगीच मोठे वाटायचे. मावशीनं कडी काढली तरी तो टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. उद्या सकाळीच वारं फिरणार होतं, म्हणून त्याच्या बोटीनं सहाऐवजी पाचलाच निघायचं, एवढं सांगायला तो आला होता. त्यानं ते सांगितलं. 

"इथं काय जळलं?"

"बस," रिगमोर मावशी म्हणाली. "तुझ्या आईला गुलाबी केस हवेत."

तो हसला. मग त्याचं आईकडे लक्ष गेलं आणि तो हसायचा थांबला.

"उद्याला? बोटीवर?"

"उद्याला," आई म्हणाली.

"नाही. आई, नाही." त्यानं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बाबांबरोबर काम केलेली माणसं येणार आहेत. ऐंशी ऐंशी वर्षांची माणसं, काठ्या टेकत येतील. नंतर कर ना काय करायचं ते. एक दिवस. बाबांना तू जशी दिसायला हवी होतीस तशी त्यांना पोचवायला ये. एवढंही जमणार नाही?"

"बरोबर बोलतोय तो," मावशी म्हणाली.

"बाबांना काय हवं होतं त्यावर पस्तीस वर्षं गेली हिची," व्हिबेके म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस. तूच भरवलं असशील हे तिच्या डोक्यात. अकरा वर्षं वाट बघत होतीस, ते जायची."

बोलल्यावर त्याला वाटलं, हे जास्त झालं. पण व्हिबेकेनं आवाज चढवला नाही. तिनं ती वाटी उचलली आणि त्याच्या नाकासमोर धरली.

"बघ. हे आईचे केस आहेत. तुझ्या बाबांनी तिच्या डोक्याला ते बाटलीतलं विष चोळलंय. मी तपासलं नसतं तर आज तिला दवाखान्यात न्यावं लागलं असतं. आता सांग मला, त्यांना कशी पोचवायची ते."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"हात लावून बघ. अजून गरम आहे."

"गुलाबी डोक्यानं आलात तर मी दोर सोडणार नाही," हेनिंग म्हणाला. "दुसरी बोट शोधा." आणि तो दाराकडे वळला.

"जा ना. त्यांचीच री ओढणार तू. ते उठून गेले तसा तूही जा. त्यांनी..."

"त्यांनी नाही लावलं." तो दाराकडेच तोंड करून बोलला. "मी लावलं."

थर्मासचं झाकण मावशीच्या हातून सुटून गडगडत गेलं. ते कुणी उचललं नाही.

"तू?"

"सप्टेंबरपासून. ते अंथरुणाला खिळल्यावर." हेनिंग वळला. एवढा मोठा माणूस, पण आता त्याला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. "त्यांचा उजवा हात गेला होता. आईचा भांग पांढरा दिसायला लागला की ते तोंड भिंतीकडे फिरवायचे. सूप भरवायला गेलं तर ओठ घट्ट मिटून घ्यायचे. एक दिवस मला म्हणाले, हेनिंग, तू कर. मी केलं. बेसिनपाशी, महिन्यातून एकदा. फक्त पुढचं, त्यांना पलंगावरून दिसेल तेवढं. जानेवारीत त्यांची नजर गेली. मग थांबलो."

"पण ते पाणी का? डबी का नाही आणलीस?"

"दुकानात गल्ल्यावर कोण बसतं माहीत आहे ना तुला? मी, केसांच्या रंगाची डबी घेऊन! दुसऱ्या दिवशी सगळ्या बंदरात झालं असतं. तळघरात त्यांच्या बाटल्या पडल्या होत्या. मला वाटलं, काळं ते काळं."

"मला फोन करायचा होतास."

"तुला?" तो म्हणाला. "तू आली असतीस? आणि आली असतीस तर त्यांना काय म्हणाली असतीस?"

व्हिबेकेनं ती वाटी खाली ठेवली. तिला उत्तर माहीत होतं, आणि ते तिला आवडलं नाही.

हेनिंग बाकावर मावशीशेजारी बसला. "शेवटी शेवटी त्यांना मी दिसायचोच नाही. एस्बेनच दिसायचा. हाक मारायचे, 'आत ये रे. बर्फ राहू दे. राहू दे बर्फ, आत ये.' तासन् तास तेच."

"कसला बर्फ?" व्हिबेकेनं विचारलं.

त्यानं आईकडे बघितलं.

*

थिराला वाटलं होतं, हे आपल्याबरोबर जाईल. नवरा, आस्गर, गेला, मग आपण जाऊ, आणि कुणाला सांगायची वेळ यायची नाही. पण दोन्ही मुलं तिच्याकडे बघत होती. दोघांचे डोळे बापाचे, दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, आणि दोघंही एकाच गोष्टीवरून भांडत होती जी दोघांनाही ठाऊक नव्हती.

"तू तुझं काम सुरू कर," ती व्हिबेकेला म्हणाली. "हात चालू राहिले की ऐकायला सोपं जातं."

व्हिबेकेनं पुढचे केस चिमटे लावून वेगळे बांधले. मग दोन बाटल्या एकत्र ढवळून ते पातळ मिश्रण मागच्या काळ्या केसांना चोळलं आणि वर प्लास्टिकची टोपी चढवली. कुजक्या अंड्यांचा वास दुकानभर पसरला. मावशीनं नाकाला रुमाल लावला, पण उठली नाही.

"डेकवर बर्फ धरला होता," थिरा म्हणाली. "बोट वरून जड झाली तर कलंडते, हेनिंगला माहीत आहे. बर्फ फोडायला कुणीतरी पुढं जायला हवं होतं. बाकीचे दोघं जाळ्यापाशी अडकलेले, आस्गर सुकाणूवर. त्यानं पोराला पाठवलं. पोरगा म्हणाला, 'बाबा, जरा थांबतो, मोठ्या येताहेत.' तो म्हणाला, 'आत्ता.' मग ती लाट आली."

"हे तुला कधी कळलं?" हेनिंगनं विचारलं.

"त्याच पहाटे. तो दारात उभा राहिला, बूटसुद्धा न काढता. म्हणाला, 'पोरगा थांबतो म्हणाला होता. मी नाही म्हटलं.' एवढंच. पुन्हा कधी बोलला नाही, आणि मी विचारलं नाही."

"आणि तू त्यांना माफ केलंस?" व्हिबेकेचा आवाज तिच्या मागून आला.

"मला नाही माहीत. काही दिवस केलं, काही दिवस नाही. स्वयंपाक रोज केला." थिरानं टोपीखालून कपाळावर आलेला ओघळ पुसला. "केस पांढरे झाले तसा तो माझ्याकडे बघेनासा झाला. ताटात बघून जेवायचा. हेनिंग चौदा वर्षांचा, तू अकराची. तुम्हीपण ताटात बघायला लागलात. चार माणसं जेवायला बसलेली आणि चौघांच्या माना खाली. दोन महिने. मग एप्रिलमध्ये मी जाऊन काळी डबी आणली."

"त्यांनी सांगितलं म्हणून."

"त्यानं काही सांगितलं नाही. मी आणली. मी लावली. त्या संध्याकाळी त्यानं मान वर केली आणि म्हणाला, 'थिरा, मीठ दे.'"

व्हिबेकेनं प्लास्टिकच्या टोपीची कड नीट केली.

"दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं माझं नाव घेतलं. तेव्हा मी ठरवलं, एवढं स्वस्तात होत असेल तर करत राहायचं. तुमच्यासाठी केलं म्हण, त्याच्यासाठी म्हण. मलाही कुणीतरी बघायला हवंच होतं."

"मग मी 'डाग' म्हणाले तेव्हा ते... त्यांनी मला सांगायचं तरी."

"काय सांगणार? तो स्वतःला तेच म्हणायचा. तू एस्बेनबद्दल बोललीस, त्याला वाटलं त्याच्याबद्दल बोललीस. घरी आल्यावर बेसिनपाशी त्यानं माझं डोकं धुतलं आणि म्हणाला, 'पोरीचं चुकलं नाही.' मी त्याला म्हटलं, जाऊन सांग तिला. 'सांगतो,' म्हणाला. अकरा वर्षं 'सांगतो'च म्हणत राहिला."

 भिंतीवरच्या टायमरची घंटा वाजली आणि व्हिबेके दचकली.

"पण मग आता का?" हेनिंगनं विचारलं. आता तो भांडत नव्हता.

"आता समोर कुणी जेवायला बसत नाही." थिरानं त्याच्याकडे सरळ बघितलं. "हा काळा मी त्याच्यावरच्या रागानं काढत नाही, हेनिंग. आणि तू, व्हिबेके, तुला वाटतंय आईला शेवटी अक्कल आली, तर तेही नाही. माझं काम झालं, एवढंच. आणि पांढरापण नको मला. तो हिवाळा मी एकदा डोक्यावर घेतलाय. मला नुसतं काहीतरी छान हवंय. आपल्या घरात सगळं निळं नाहीतर तपकिरी, मळ दिसू नये म्हणून. गुलाबी असं माझ्याकडे कधी काही नव्हतंच."

"होतं," रिगमोर मावशी म्हणाली. रुमालामुळे तिचा आवाज दबका येत होता. "एक रिबन होती. तू सात वर्षांची होतीस. ती मी घेतली."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे? आणि सदुसष्ट वर्षं बोलली नाहीस?"

"तुला बरी दिसायची."

मावशीनं नाकावरचा रुमाल काढून डोळ्यांना लावला, आणि वास आला तसा पुन्हा नाकावर धरला. मग उठून बाह्या वर सारल्या. "मला सांग, व्हिबेके, त्या चांदीच्या कागदाच्या पट्ट्या कापायच्या असतात ना? कशा कापू?"

*

"वीस मिनिटं पाणी," व्हिबेके म्हणाली. "कोमट. मधे थांबायचं नाही. नीट धुतलं गेलं नाही तर सैल झालेला काळा परत धरतो." सकाळपासून तिचं मनगट दुखत होतं. तिनं पाण्याची नळी हेनिंगपुढं धरली. "तुला येतं ना?"

त्यानं कोट काढला. आईची मान बेसिनच्या खाचेत ठेवली, एक हात मानेखाली घातला आणि दुसऱ्या हातानं पाणी सोडलं. व्हिबेके बघत राहिली. आईच्या डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून तो अंगठ्याची कड कपाळावर आडवी धरत होता. आई डोळे मिटून निवांत पडली होती. पाच महिने त्यानं हे केलं होतं, कुणाला न सांगता, या असल्या जाड बोटांनी, आणि आपण त्याला वर्षभर 'बापाचं शेपूट' म्हणत होतो, हे तिला आठवलं.

"असंच?" त्यानं विचारलं.

"असंच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींना जमत नाही एवढं."

पाणी आधी काळपट गेलं, मग तपकिरी, मग चहासारखं. केस गंजासारखे लाल निघाले. मावशी म्हणाली, "हा तर आपल्या मामाचा रंग," आणि आई पडल्या पडल्या हसली.

ते वाळल्यावर व्हिबेकेनं पुढचे चिमटे काढले. ती आईच्या समोर, गुडघ्यांवर बसली. "मागचं निघेल. पण हे पुढचं निघायचं नाही, आई. धातू बसलाय, त्याला ब्लीच लावता येत नाही. हे कापावं लागेल. तीन बोटं राहतील."

आईनं हेनिंगकडे बघितलं. त्याची मान खाली होती.

"काप," ती म्हणाली. "त्याचं काही चुकलं नाही. त्यानं प्रेमानं लावलं होतं."

कात्रीचा आवाज फार वेळ चालला नाही. व्हिबेकेनं राहिलेल्या पांढऱ्यातली एक बट पुन्हा वाटीत सोडली आणि सगळे वाटीभोवती उभे राहून बघत राहिले. काही झालं नाही. तेव्हा कुठं तिनं ब्लीचची पूड कालवली.

मग दुपार केवळ कामात गेली. एकेक पातळ पदर उचलायचा, खाली चांदीचा कागद, वर ब्रशनं निळसर लेप, मग घडी. मुळाशी पांढरे होते त्यांना लेप लागू द्यायचा नाही. मावशी पट्ट्या देत होती, हेनिंग घड्याळ बघून मिनिटं सांगत होता. व्हिबेके कागद उघडून बघायची, पुसून बघायची, पुन्हा मिटायची. लाल नारिंगी झाला. नारिंगीचा पिवळा व्हायला फार वेळ लागला आणि मधे दोन ठिकाणी केस रबरासारखे ताणले जाऊ लागले, तेव्हा तिनं तिथला लेप लगेच धुऊन टाकला. तीन वाजता सगळ्यांनी राईच्या पावावर मासा घालून खाल्ला. आईनं डोक्यावर चांदीचा डोलारा सांभाळत खाल्ला. पाचच्या सुमाराला केस केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखे झाले. त्यावर जांभळट पाणी फिरवलं तसा पिवळेपणा मेला.

व्हिबेकेनं गुलाबी कालवला. वाटीतला रंग बघून हेनिंग म्हणाला, "फार गडद आहे हा."

"वाटीत तसाच दिसतो. बस गप."

सहा वाजता तिनं केस वाळवले आणि आरसा आईच्या बाजूला वळवला. पुढं आखूड, मागं खांद्यापर्यंत, मुळापासून टोकापर्यंत तो रंग, उजेडात गेला की जवळजवळ नाहीसा होणारा. सकाळपासून आईनं आरशात पाहिलं नव्हतं. आता ती बराच वेळ बघत राहिली. तिचा हात वर गेला, आखूड केसांना लागला, खाली आला.

"मी अशी दिसते," ती म्हणाली. विचारल्यासारखं नाही, नुसतंच.

हेनिंगनं कोट घातला. टोपी हातातच ठेवून तो दारापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, "पाच म्हणजे पाच हं. उशीर केलात तर वारं थांबायचं नाही." मग बाहेर गेल्यावर काचेतून पुन्हा एकदा आईकडे बघून त्यानं मान हलवली.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे धक्क्यावर अकरा माणसं होती. आईनं टोपी घातली नव्हती. म्हाताऱ्यांपैकी एकानं तिच्याकडे बघितलं, मग बोटीकडे बघितलं, मग हळूच स्वतःची टोपी काढली. बाकीच्यांनीही काढल्या.  हेनिंगनं दोर सोडला.

दीड तासानं त्यानं इंजिन बंद केलं. एस्बेन गेला ती जागा त्याला नकाशावर बघावी लागली नाही. समुद्र करडा होता, लाटा लांबट आणि थकलेल्या. आईनं कठड्याशी जाऊन राखेच्या भांड्याचं झाकण काढलं आणि दोन्ही हातांनी ते तिरकं केलं. तिला कुणी मदत केली नाही, तिनं मागितलीही नाही. राख पाण्यावर क्षणभर फिकट पट्ट्यासारखी राहिली आणि मग दिसेनाशी झाली. रिगमोर मावशी पुटपुटत प्रार्थना म्हणत होती. हेनिंग रडत होता, आणि ते लपवायला त्यानं तोंड फिरवलं नाही.

व्हिबेके आईच्या मागं उभी होती. वाऱ्यानं आईचे केस उडाले आणि डाव्या कानामागं, अगदी आत, तिला एक नारिंगी जागा दिसली. अंगठ्याएवढी. काल सबंध दिवसात तिथं लेप धड पोचलाच नव्हता. अशा वेळी असलं काही डोळ्यांत भरावं याची तिला लाज वाटली, पण वीस वर्षांची सवय होती.

"आई," ती अगदी हळू म्हणाली. "कानामागं एक जागा सुटलीय."

"दिसते?"

"मला दिसते."

आईनं रिकामं भांडं छातीशी धरलं होतं. ती पाण्याकडेच बघत होती. "मग शनिवारी येते दुकानात," ती म्हणाली. "रांगेत बसेन. आई म्हणून मला आधी घेऊ नकोस."

 व्हिबेकेनं आईच्या पाठीवर हात ठेवला. हेनिंगनं दोघींकडे एकदा बघितलं आणि इंजिन सुरू केलं.